टकल्या डोंगराचे ब्याण्णव टक्के

३ मे

नवी वही. जाड पुठ्ठ्याची घेतली, कारण यात लिहिण्यासारखं पुष्कळ घडणार आहे.

टकल्या डोंगरावर पुन्हा जंगल उभं करायच्या तीन देशांच्या प्रकल्पाचा स्थानिक समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली. फिनलंडकडून रोपं आणि साधनं, कोस्टारिकाकडून सल्ला, होंडुरासकडून डोंगर आणि मी. नगराध्यक्ष डॉन रिगोबेर्तो म्हणाले, "एवेलिओ, यात नाव होण्यासारखं आहे." कोणाचं ते बोलले नाहीत, पण बघत माझ्याकडेच होते.

एकवीस वर्षं नगरपालिकेच्या पर्यावरण विभागात काढली. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. गावात सगळे मला इंजिनिअर म्हणतात. आहे डिप्लोमाच, पण लोकांच्या भावना दुखवू नयेत म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही.

उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला डोंगर चढायचा. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करायचे. पोट कमी करायचं.

मेलिदाला बातमी सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं. पण आज पाचवा दिवस, नळाला पाणी नाही." बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

४ मे

चढलो नाही. बुटाचा तळ सुटलाय, चांभाराकडे टाकला.

९ मे

बूट आले. पहिल्या वळणापर्यंत गेलो. तिथे डोन्या ट्रान्सितोचं घर आहे, बसायला दगड आहे, आणि तिथून अख्खा डोंगर दिसतो. त्याच्या वर जायची गरज नाही हे आज लक्षात आलं. निरीक्षण वेगळं, पायपीट वेगळी.

डोंगर बघून वाईट वाटलं हे मात्र खरं. मी शाळेत होतो तेव्हा इथे पाइनचं जंगल होतं, आत शिरलं की दुपारी दिवा लागावा असं. मग ते किडे आले, सालीत शिरून झाड मारणारे. दोन वर्षांत सगळा डोंगर लाल पडला. उरलं ते वणव्यात गेलं. तेव्हापासून खालचा झरा आटत चाललाय. आधी पाणी रोज यायचं, मग एक दिवसाआड, आता आठवड्यात कधी येईल याची पैज लागते.

हे सगळं मी बदलणार आहे.

इंग्रजी शब्द: चार.

१४ मे

कोस्टारिकाचे सल्लागार इंजिनिअर फायास यांच्याशी कॉम्प्युटरवर बैठक. हे खरे इंजिनिअर. कोस्टारिकाचे लोक बोलताना असं बोलतात की आपला देश त्यांनी परवाच झाडून ठेवलाय आणि आपण पायपुसण्यावर उभे आहोत.

मी माझी योजना मांडली. बारा हजार रोपं, सगळी महोगनीची. महोगनीच का? कारण नावाला वजन आहे. फोटोत उठून दिसतं. फिनलंडच्या पाहुण्यांना "पाइन" म्हटलं तर ते म्हणतील, आमच्याकडेही आहे.

फायास काहीतरी बोलू लागले. "इतक्या उंचीवर, अशा कोरड्या उतारावर महोगनी..." एवढंच ऐकू आलं. मग लाइन गेली. त्यांचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. चेहऱ्यावरून तरी पसंती दिसत होती.

रात्रीच्या जेवणाला मेलिदाला सांगितलं. ती म्हणाली, "त्या डोंगरावर माझ्या बाबांनी जन्म काढला. महोगनीचं एक झाड त्यांनी पाहिलं नाही."

मी म्हटलं, तुझ्या बाबांच्या काळापासून विज्ञान फार पुढे गेलंय.

ती म्हणाली, "विज्ञान पुढे गेलं असेल. डोंगर तिथेच आहे."

१९ मे

मेलिदाने बोलावलं म्हणून तिच्या माहेरच्या जमिनीवर जाऊन आलो. सासऱ्यांनी तिच्या नावावर ठेवलेले पाच एकर, डोंगराच्या मागच्या अंगाला, चर्चच्या पलीकडून वाट जाते. पहिल्या वळणावरून दिसत नाही हे एका अर्थी बरंच आहे.

तीन वर्षांपूर्वी मेलिदा आणि गावातल्या सहा बायकांनी मिळून तिथे मंडळ काढलं. काय करतात विचाराल तर काही नाही. जमीन जाळत नाहीत, नांगरत नाहीत. भोवती काटेरी तार बांधलीय. तोडलेल्या जुन्या खोडांना फुटवे येतात, त्यातले दोन-तीन राखतात, बाकीचे छातीएवढ्या उंचीवर छाटून पाला खालीच टाकतात. आणि त्या सगळ्या गचपणात मका पेरतात. एक रांग सरळ नाही. झाडांना नंबर नाहीत. बोर्ड नाही.

मी मेलिदाला अधिकृतपणे सुचवलं की हे गचपण काढून टाकू, इथे प्रात्यक्षिक क्षेत्र करू, तुझ्या बाबांचं नाव देऊ.

ती कोयता घेऊन फुटवे छाटत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, तुमची झाडं तुमच्या डोंगरावर लावा. माझ्या डोंगरावर माझी आपली आपण उगवताहेत."

डोन्या ट्रान्सितोही तिथेच होती. ती सत्तरीला आली तरी दोन माणसांचं काम करते आणि तीन माणसांइतकं बोलते. म्हणाली, "अरे एवेलिओ, उभाच आहेस तर ती तार जरा धरतोस का?" धरली. हाताला लागलं.

मेलिदा भावनाप्रधान आहे. बापाची जमीन म्हणून.

६ जून

रोपं आली. बारा हजार, दोन ट्रक भरून. नगरपालिकेच्या अंगणात उतरवली. चालायला जागा नाही. डॉन रिगोबेर्तोंना त्यांच्या ऑफिसात खिडकीतून शिरावं लागतं, पण ते समजूतदार आहेत.

लागवड २० जुलैला ठरवली. लेम्पिरा दिवस, देशाच्या जुन्या आदिवासी नायकाचा. शाळेची मुलं पिसं लावून मिरवणुकीला निघतातच, तेवढीच डोंगरावर न्यायची. बँड असतो, पाहुणे मोकळे असतात. असा योग पुन्हा येणार नाही.

मेलिदा म्हणाली, "लावायचं तर आत्ता लावा. पाऊस आत्ता आहे. वीस जुलैनंतर महिनाभर दडी मारतो, दरवर्षी मारतो."

डोन्या ट्रान्सितोही रस्त्यात अडवून हेच म्हणाली. दोघींचं संगनमत दिसतं.

प्रकल्पाच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय, पावसाळा मे ते ऑक्टोबर. जुलै बरोबर मध्ये येतो. भर पावसाळ्यातला मध्य. याहून शास्त्रशुद्ध तारीख कोणती?

३ जुलै

अंगणातली रोपं पिशव्या फाडून मुळं बाहेर काढायला लागलीत. उत्साह चांगला आहे. पाण्याची जरा अडचण. गावाला पाणी नाही आणि नगरपालिका झाडांना घालते म्हणून लोक कुरकुर करतात. दूरदृष्टी ही एकट्या माणसाचीच गोष्ट असते.

पहाटेचं चढणं पावसामुळे बंद. इंग्रजी शब्द: एकूण अकरा. पोट आहे तिथेच, पण पट्टा सैल वाटतो. मेलिदा म्हणते पट्टा जुना झालाय.

२० जुलै

ऐतिहासिक दिवस. थकलोय, तरी लिहितोच.

बँड, तीनशे मुलं, चार भाषणं. माझं चाळीस मिनिटं चाललं. ऊन फार होतं. दोन मुलांना घेरी आली. एका बाईंनी मध्येच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी उचलून धरलं. त्यांना वाटलं संपलं. अजून एक पान होतं.

बारा हजारांपैकी चार हजार शंभर रोपं लागली. उरलेली बांधाच्या आडोशाला ठेवलीत, तात्पुरती. काही मुलांनी रोपं पिशवीसकट लावली. डोन्या ट्रान्सितोने ते सगळ्यांसमोर दाखवून दिलं. पिशवीमुळे ओल टिकते, असं मी तिथल्या तिथे स्पष्ट केलं. लोकांना पटलं. निदान कोणी बोललं नाही.

मेलिदाने सगळ्या मुलांना बालेआदा, म्हणजे घेवडा भरून दुमडलेल्या पोळ्या, वाटल्या. मला म्हणाली, "भाषण चांगलं झालं." मग म्हणाली, "आभाळ बघितलंत?"

बघितलं. स्वच्छ निळं. फोटो छान आले.

२९ जुलै

नऊ दिवस पाऊस नाही. झाडांनी पानं मिटून घेतलीत. विश्रांती घेताहेत. मोठ्या बदलानंतर माणसालाही लागते.

८ ऑगस्ट

पाऊस नाही. गावात पाण्यावरून भांडणं. आपल्याकडे मात्र पिंप नेहमी भरलेलं. पाणी साठवण्याची कला मेलिदाकडे आहे. डोन्या ट्रान्सितोचं गाढव रोज सकाळी आपल्या दारात का थांबतं ते विचारायला हवं. अंगण घाण करतं.

आज पहिल्या वळणावरून दुर्बीण लावली. डोंगरावर एक बारीक हिरवी रेघ दिसली. आधी आनंद झाला. मग लक्षात आलं, रेघ हलतेय. खाली येतेय. दुर्बीण पुसून परत बघितलं. महोगनीची पानं ओळीने चालत डोंगर उतरत होती.

डोन्या ट्रान्सितो शेजारी उभी होती. म्हणाली, "मुंग्या. पानं कापून वारुळात नेतात. त्यांनाही तुझी महोगनी आवडलेली दिसते."

मी म्हटलं, निसर्गाच्या साखळीत प्रत्येकाला स्थान असतं.

"असतं ना," ती म्हणाली, "त्यांचं खाली आहे, म्हणून खाली चालल्यात."

१२ ऑगस्ट

फिनलंडला पहिला अहवाल पाठवायचा आहे. त्यात एकच चौकट महत्त्वाची: जगलेली रोपं, टक्के.

एवढा डोंगर मोजणं शक्य नाही. शास्त्रात नमुना घेतात. मी पहिल्या वळणावर, डोन्या ट्रान्सितोच्या घराभोवती लावलेली पंचवीस रोपं घेतली. तिथे ती भांड्यांचं पाणी टाकते, पण तो नमुन्याचा दोष नाही. पंचवीसपैकी तेवीस टवटवीत. ब्याण्णव टक्के.

चौकटीत ९२ लिहिलं. लिहिताना हात जरा थांबला. मग वाटलं, वर गेलो नाही म्हणून वर वाईटच असेल असं कशावरून?

पाठवला.

२६ ऑगस्ट

पत्र आलं. फिनलंडचं कार्यालय फार खूश. त्यांच्या चार देशांतल्या अकरा डोंगरांपैकी दुसरीकडे कुठेच साठच्या वर आकडा गेलेला नाही. टकल्या डोंगराचे ब्याण्णव टक्के बघायला त्यांच्या तज्ज्ञ पाइवी आणि इंजिनिअर फायास २४ सप्टेंबरला येताहेत. प्रकल्पाचा दुसरा टप्पा, झऱ्याचं संरक्षण आणि गावापर्यंत नवी पाइपलाइन, या भेटीवर ठरेल.

डॉन रिगोबेर्तोंनी मला मिठी मारली. बाजारात दोन माणसांनी आपण होऊन हात मिळवला. एक म्हातारी म्हणाली, "पाणी येणार म्हणे तुझ्यामुळे."

जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२ सप्टेंबर

आज शेवटी वर गेलो. एकटाच, माथ्यापर्यंत.

चार हजार शंभर काड्या आहेत. काही काड्यांना अजून पिशव्या आहेत. बांधाच्या आडोशाला ठेवलेली रोपं होती तिथेच उभी वाळलीत, अगदी नीट रांगेत. सरळ रांग तेवढी तिथे दिसली.

माथ्यावर बराच वेळ बसलो. लहानपणी बाबा मला इथे लाकडं आणायला घेऊन यायचे, ते आठवलं. तेव्हा इथून गाव दिसत नसे, झाडांमुळे. आता प्रत्येक घर दिसतं. आपलंही दिसतं.

उतरताना मागच्या अंगाने आलो. मेलिदाच्या पाच एकरांत अजून तसंच गचपण, म्हणजे बरंच वाढलेलं. सावली होती. मका डोक्याच्या वर. पायाखाली पाला ओला लागला. दुपारी बाराला दव. आमच्या भागाच्या हवामानाची ही विशेष गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

जेवताना मेलिदाने विचारलं, "किती जगलीत?"

मी म्हटलं, एकूणात चित्र समाधानकारक आहे.

तिने ताटात आणखी एक तॉर्तिया वाढली. मेलिदा बोलली की मला उत्तर सुचतं. ती गप्प बसली की काही सुचत नाही.

३ सप्टेंबर

फिनलंडला खरं काय ते कळवायचं ठरवलं. पत्राची सुरुवात केली: "मान्यवर महोदया, नैसर्गिक कारणांमुळे". पुढचं उद्या.

१० सप्टेंबर

पत्र पुढे गेलं नाही. इतक्या दूर पत्राने सांगणं बरं दिसत नाही. समोरासमोर सांगावं. आल्यावर. योग्य वेळ बघून.

१७ सप्टेंबर

पाऊस परत सुरू झालाय. दौऱ्याची आखणी पूर्ण. पाहुणे आदल्या संध्याकाळी येतील. २४ ला सकाळी नऊ वाजता नगरपालिकेत माझं सादरीकरण, चौसष्ट स्लाइड. मग कॉफी. मग पहिल्या वळणापर्यंत गाडीने. तिथे डोन्या ट्रान्सितोच्या घरची पंचवीस रोपं, शेजारी किनाऱ्याकडच्या रोपवाटिकेतून मागवलेली आणखी साठ. याला तांत्रिक भाषेत तूट भरणं म्हणतात. तीन भाषांतला बोर्ड. मग जेवण, मक्याच्या पिठाचे तामाल आणि कोंबडी. पोटभर जेवलेला माणूस डोंगर चढत नाही.

मागची वाट कोणाला दाखवायची नाही. इतक्या लांबून आलेल्यांनी ते गचपण बघावं असं मला वाटत नाही. मेलिदाला म्हटलं, त्या दिवशी तुम्ही बायकांनी जरा सुट्टी घ्या.

ती म्हणाली, "फुटव्यांना सांगा सुट्टी घ्यायला, मग आम्हीही घेतो."

इंग्रजी शब्द: चाळीस. त्यातले "वेलकम" आणि "टुमॉरो" पक्के.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ

आले. पाइवी उंच आहेत, पन्नाशीच्या असाव्यात. अजिबात बोलत नाहीत. मी "वेलकम" म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी "टुमॉरो" म्हटलं. त्यांनी पुन्हा हलवली. आमचं जमेल.

फायास कॉम्प्युटरवर वाटले त्यापेक्षा बुटके आहेत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटी महोगनीच लावलीत?" मी म्हटलं, तुमच्या सल्ल्यानुसार. त्यांनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

२४ सप्टेंबर

घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी पावणेनऊला लॉजवर गेलो. फायास कॉफी पीत होते. पाइवी नव्हत्या. मालकीण म्हणाली, त्या साडेपाचलाच पायी डोंगराकडे गेल्या. मी विचारलं, कोणत्या वाटेने? म्हणाली, "चर्चच्या पलीकडून."

फायास आणि मी निघालो. मी वाटेत त्यांना स्लाइड तोंडी सांगायला सुरुवात केली. अकराव्या स्लाइडला मला धाप लागली.

पाइवी मेलिदाच्या जमिनीवर सापडल्या. दोन मोठ्या ओकच्या मध्ये उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी मेलिदा, पलीकडे डोन्या ट्रान्सितो. एकीला दुसरीची भाषा येत नाही आणि तिघी गप्पा मारत होत्या. मेलिदा एक फुटवा बोटांनी धरून दाखवायची, पाइवी दुसऱ्या फुटव्यावर बोट ठेवायच्या, मेलिदा मान हलवून नाही म्हणायची. मग पाइवींनी तिसरा दाखवला. मेलिदाने कोयता त्यांच्या हातात दिला.

त्यांच्या पायांपाशी पाणी वाहत होतं. जाड नाही, मनगटाएवढं. दगडातून येऊन एका खड्ड्यात साठत होतं. काठावर गाढव उभं होतं, पाठीवर चार कॅन. ते गाढव मी ओळखलं.

मी मेलिदाला विचारलं, "आपल्या पिंपातलं पाणी..."

ती म्हणाली, "इथलं. ऑगस्टभर सात घरांना पुरलं. तुम्ही विचारलं नाहीत."

मी म्हटलं, मला वाटलं तू साठवतेस.

"डोंगर साठवतो," डोन्या ट्रान्सितो म्हणाली. "आम्ही त्याच्या आड येत नाही, एवढंच."

फायास एव्हाना झाडं मोजायला लागले होते. एकतीस जातींपर्यंत गेले. मग टोपी काढून कपाळ पुसलं आणि मेलिदाला आदराने विचारलं, "हे कोणाचं काम, डोन्या?" मेलिदा म्हणाली, "आम्हा सातजणींचं. आणि बाबांचं. ते असंच करायचे, आम्ही विसरलो होतो." फायासांनी वही उघडली आणि विचारलं, किती फुटवे राखता, किती उंचीवर छाटता, मका कधी पेरता. मेलिदा एकेकाचं उत्तर देत गेली. वीस मिनिटं. मध्ये एकदाही अडखळली नाही. सव्वीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तिला इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. कदाचित मीच मध्ये बोलत असेन.

मग पाइवी उठल्या. माझ्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. त्यात "नाइन्टी-टू" हे मला कळलं. फायासांनी सांगितलं, "त्या माथ्यापर्यंत जाऊन आल्यात. विचारताहेत, ब्याण्णव टक्के कुठे आहेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तरं तयार होती माझ्याकडे. नमुन्याची पद्धत, हवामान, मुंग्या. मेलिदा मात्र माझ्याकडे बघत नव्हती, ती पाण्याकडे बघत होती. मला लाज वाटू नये म्हणून.

मी म्हटलं, "पंचवीस मोजली होती. घराजवळची. भांड्यांचं पाणी मिळणारी. बाकी सगळी मेली."

फायासांनी भाषांतर केलं. इंग्रजीत ते फारच थोडक्यात झालं.

पाइवींनी लिहून घेतलं. मग एक वाक्य बोलल्या आणि फायासांना हसू आलं. म्हणाले, "त्या म्हणताहेत, आमच्याकडेही अशी माणसं आहेत. आम्ही त्यांना बढती देतो, म्हणजे ती जंगलापासून लांब राहतात."

मीही हसलो. उशिरा कळलं की हसायचं नव्हतं.

तामाल सगळ्यांनी मेलिदाच्या शेतातच खाल्ले. स्लाइड बघायच्या राहिल्या.

२५ सप्टेंबर

ऑफिसला गेलो नाही. सर्दी.

डॉन रिगोबेर्तोंचा निरोप आला, पण सर्दी आहे असं कळवलं. बाजारात तोंड दाखवायला नको वाटतं. पाइपलाइन गेली तर ती माझ्या एका चौकटीमुळे. त्या म्हातारीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

मेलिदाने लिंबू घातलेलं गरम पाणी दिलं. कालचा विषय काढला नाही. मीच म्हटलं, तू मला आधी का नाही सांगितलंस, झऱ्याचं?

ती म्हणाली, "मे महिन्यात दाखवायला नेलं होतं. तुम्ही म्हणालात, बोर्ड नाही."

१८ ऑक्टोबर

पत्र आलं. दुसरा टप्पा मंजूर.

पाइपलाइन होणार. मी पत्र तीनदा वाचलं. मग ऑफिसचं दार लावून घेतलं आणि चौथ्यांदा वाचलं.

लागवड मात्र रद्द. त्याऐवजी टकल्या डोंगराचा दोनशे एकर भाग तारेच्या आत घ्यायचा, आग लावायची नाही, फुटवे राखायचे. थोडक्यात, माझा प्रकल्प योग्य दिशेने गेला. मी सुरुवातीपासूनच रोपांपेक्षा माणसांवर विश्वास ठेवायच्या बाजूचा होतो, हे या वहीत कुठेतरी असेलच.

काम शिकवायला सातजणींची नेमणूक. प्रमुख: डोन्या मेलिदा. शिवाय नोव्हेंबरात कोस्टारिकामध्ये पाच देशांच्या शेतकऱ्यांना ही पद्धत दाखवायला तिला बारा दिवस बोलावलंय. पाइवी स्वतः येणार आहेत.

समन्वयक या पदाबद्दल पत्रात काही नाही. विसरले असावेत.

२४ ऑक्टोबर

मेलिदाचा पासपोर्टचा अर्ज भरला. ती कधी देशाबाहेर गेली नाही. मीही नाही, पण मी जाण्याच्या फार जवळ होतो.

व्यवसाय या रकान्यात मी गृहिणी लिहिलं. तिने वाचलं आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला. मी नवा अर्ज घेतला आणि लिहिलं, वनतज्ज्ञ. ती म्हणाली, "एवढं नको. शेतकरी लिहा."

लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

९ नोव्हेंबर

मेलिदा गेली. पहाटेची बस. नवा निळा स्वेटर घातला होता. सातपैकी सहाजणी सोडायला आल्या होत्या, गाढवासकट. फायासांचा फोन आला होता, ते कोस्टारिकाच्या सीमेवर घ्यायला येणार आहेत. मला त्यांनी तोंडभर नमस्कार सांगितला. माणूस तसा बरा आहे.

बसमध्ये चढताना मेलिदा म्हणाली, "घेवडा भिजत घातलाय. आणि डोन्या ट्रान्सितो सांगेल ते करा."

मी म्हटलं, मी वरिष्ठ आहे.

ती म्हणाली, "म्हणूनच तिला सांगून ठेवलंय, जपून घ्या."

बस वळणाआड गेली तरी मी हात हलवत होतो. डोन्या ट्रान्सितो म्हणाली, "पुरे आता, ती कोस्टारिकाला पोहोचली."

११ नोव्हेंबर

कामाचं वाटप झालं. छाटणीसाठी मी नाव दिलं होतं. काल प्रात्यक्षिकात मी राखायचा फुटवा छाटला आणि छाटायचा राखला, त्यामुळे डोन्या ट्रान्सितोने मला सुरक्षा विभाग दिला. विभाग म्हणजे मी आणि एक काठी. तार अजून पूर्ण झालेली नाही, पश्चिमेला दहा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे बसायचं. जनावरं आत येऊ द्यायची नाहीत. जबाबदारीचं काम आहे, म्हणूनच अनुभवी माणसाला दिलं असावं.

१२ नोव्हेंबर, सकाळ

सहा वाजल्यापासून जागेवर. थंडी आहे. धुकं वर चढतंय. कामाच्या नोंदी व्यवस्थित राहाव्यात म्हणून वही बरोबर आणलीय.

दहा वाजेपर्यंतचा अहवाल. गायी आल्या: दोन. परतवल्या: एक. दुसरी हे लिहीत असताना आत गेली.